सरकार परत येईपर्यंत

आमच्या सिएरा लिओनमध्ये न्यांदेहुन नावाची गावं पुष्कळ आहेत. न्यांदे म्हणजे सुंदर, आणि आपलं गाव कुणाला सुंदर वाटत नाही? मी सांगतेय ते मोआ नदीकाठचं, जिथे पूर्वी बाजाराच्या दिवशी पलीकडून होड्या भरभरून कोको यायचा. माझं नाव बाइंदू. माझे वडील या गावचे दवंडीवाले. सकाळी लोखंडी घंटा वाजवत ते गल्लीगल्लीतून फिरायचे आणि सरदारांचा हुकूम सांगायचे. सरदारांना आम्ही माडा म्हणतो, म्हणजे आजोबा. वडिलांची प्रत्येक दवंडी एकाच शब्दांनी सुरू व्हायची: ‘माडांचा हुकूम आहे.’ लहानपणी मला वाटायचं, सूर्यही त्या हुकमानंच उगवतो.

लढाई आली तेव्हा आम्ही सीमा ओलांडून गिनीत पळालो. वडील तिकडच्या छावणीतच वारले. मी दोन मुलींना घेऊन परतले तेव्हा गावात भिंती होत्या, पण छपरं नव्हती. पोलीसचौकीत कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या होत्या. चावडी, जिथे पिढ्यान्पिढ्या न्यायनिवाडे झाले, ती जळून गेली होती आणि तिथे कमरेएवढं गवत माजलं होतं. माडा न्गेवाओ राजधानीत पळून गेलेले. सरकार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावं असं काही उरलंच नव्हतं.

आता त्या दिवसांची आठवण काढली की माझ्या मुली हसतात. “आई, तेव्हा मीठसुद्धा मिळत नव्हतं,” म्हणतात. खरंच नव्हतं. आम्ही रताळ्याचा पाला नुसता उकडून खायचो, पामतेल मिळालं तर सण. तरी माझं मन तिकडे धावतं, त्याला मी काय करू?

सुरुवात विहिरीपासून झाली. गावाची एकच मोठी विहीर, आणि लढाईत तिच्यात काय काय टाकलं होतं ते कुणी उघड बोलत नव्हतं. बायका लांब नदीवरून पाणी आणायच्या. पुरुष आंब्याखाली बसून म्हणायचे, विहीर उपसली पाहिजे. रोज म्हणायचे. उठत मात्र कुणी नव्हतं, कारण असली कामं माडांच्या हुकमानं होतात, आणि माडा नव्हते.

एके दिवशी मा जेब्बे तिथून डोक्यावर घागर घेऊन चालली होती. मा जेब्बे म्हणजे बाजारातल्या बायकांची मुख्य. वडीलधाऱ्या बायकांना आम्ही मा म्हणतो आणि पुरुषांना पा. लढाईआधी ती पामतेल विकायची. अंगानं आडवी, जिभेनं त्याहून. तिनं घागर खाली ठेवली आणि त्या मंडळींना म्हणाली, “हुकूम कोण देणार याची वाट बघताय होय? बघा, बघा. तहानेनं मेलात तर पुरायचा हुकूम कोण देणार, तेही आत्ताच ठरवून ठेवा.”

मग माझ्याकडे वळली. “बाइंदू, तुझ्या बापाची घंटा कुठाय?”

पळायच्या आधी वडिलांनी ती घरामागे पुरली होती. मी उकरून काढली. गंजली होती, पण आवाज तोच. घंटा हातात घेऊन मी अडखळले. “मा, दवंडी द्यायची कशी? कुणाचा हुकूम म्हणू?”

ती जराही थांबली नाही. “विहिरीचा म्हण,” म्हणाली.

तशी दवंडी आमच्या गावात कधी झाली नव्हती, आणि बाईच्या तोंडून तर नाहीच. मी गल्लीगल्लीतून ओरडत गेले, “विहीर सांगतेय हो, उद्या सकाळी या, माझ्या पोटातली घाण काढा.” लोक दारात येऊन हसले. पण दुसऱ्या दिवशी आले.

दोर कमी पडत होता. तेवढ्यात खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन लाहाई आला, आणि जमलेली माणसं मुकाट्यानं मागे सरली. लाहाई आमच्याच गावचा, पण लढाईत तो जंगलातल्या बंडखोरांकडे होता. बंदूक खाली ठेवून परतला होता आणि गावाबाहेर, जुन्या कोकोच्या गोदामात एकटाच राहत होता. त्यानं दोर कमरेला बांधला, दुसरं टोक जमिनीवर ठेवलं आणि विहिरीच्या काठावर उभा राहिला. ते टोक उचलायला कुणी पुढे येईना.

मा जेब्बेनं ते उचललं. तिचा सख्खा थोरला भाऊ चावडी जळाली तेव्हा चावडीतच होता. कुणीतरी कुजबुजलं, “मा, तुम्ही त्याचा दोर धरता?”

“विहिरीत तो आहे, आणि दोर माझ्या हातात आहे,” ती म्हणाली. “यापेक्षा चांगली व्यवस्था तुला सुचत असेल तर सांग.”

मग बाकीच्यांनीही हात लावले. दुपारपर्यंत लाहाई खाली-वर करत होता. वर जे जे आलं ते आम्ही पानांत गुंडाळून टेकडीवर नेलं आणि इमामसाहेबांनी दुआ मागितली. लाहाई विहिरीबाहेर येऊन बसला तेव्हा मा जेब्बेनं त्याच्या हातावर पाणी ओतलं, आणि ओतता ओतता विचारलं, “माझा भाऊ चावडीत जळला. तू होतास का?”

“त्या दिवशी मी इथे नव्हतो, मा.”

“मग कुठे होतास?”

“दुसऱ्या गावात.”

“तिथे चावडी होती?”

लाहाईनं हात तसेच पुढे धरले होते. “होती,” तो म्हणाला.

तिनं घागर रिकामी होईपर्यंत पाणी ओतलं आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला आंब्याखाली बोलावलं. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “साप घरात कुठे बसलाय ते दिसत असलं की झोप लागते, पोरी. दिसेनासा झाला की लागत नाही.” पुढे मात्र तिनं त्याला कधी साप म्हटलं नाही. ‘माझा लांबडा’ म्हणायची, आणि तो उंच असल्यामुळे लोकांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

तर अशी आमची मंडळी जमली. मा जेब्बे, शाळेचे म्हातारे हेडमास्तर पा मोमो, लाहाई, कारण लढाईत या ना त्या बाजूनं लढलेले तरुण त्याचं ऐकायचे, आणि मी, घंटेमुळे. इमामसाहेब येऊन जाऊन असायचे. आम्हाला कुणी नेमलं नव्हतं. पा मोमोंना त्याची फार काळजी. “आपल्याला अधिकार काय?” असं ते प्रत्येक बैठकीत एकदा तरी विचारायचे.

“मास्तर, शेळ्यांना चौकीत बांधायचा अधिकार कुणी दिला?” मा जेब्बे म्हणायची. “त्या बसल्याच ना. तसे आपण बसलोय.”

भांडणं रोज यायची. छावण्यांतून माणसं परतत होती आणि कुणाच्या घरात कोण राहतंय, कुणाच्या कोकोच्या बागेतून कोण फळं काढतंय, याचा काही धरबंद नव्हता. माडांच्या काळात भांडण चावडीवर गेलं की दोन्हीकडून दंड वसूल व्हायचा, आणि तो दंडच कित्येक तरुणांना जंगलात घेऊन गेला. लाहाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “दंड लावणार असाल तर मी उठतो.”

“मग फुकटात भांडू द्यायचं?” मा जेब्बेनं विचारलं. “आपल्या माणसांना फुकट म्हटलं की ती जांभईवरूनही भांडतील.”

तोडगा पा मोमोंनी काढला. भांडण घेऊन येणाऱ्या दोघांनीही चावडीसाठी काहीतरी आणायचं. एक खांब, वेलींची जुडी, पामच्या झावळ्यांची मोळी, टोपलीभर चिकणमाती. जो हरेल त्यानं आणि जो जिंकेल त्यानंही. दोनच नियम होते, हा पहिला. दुसरा असा की बैठकीत कुणी कुणाला विचारायचं नाही, तू कुणाच्या बाजूनं होतास.

एका पावसाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात चावडी उभी राहिली. पूर्वीसारखीच, चारी बाजूंनी मोकळी, मधे मातीचा ओटा. आम्हाला प्रत्येक खांब ठाऊक होता. हा कोकोच्या बागेचा, हा दोन सवतींच्या उखळाचा, आणि तो वाकडा, दारू पिऊन इमामसाहेबांना शिव्या देणाऱ्या वांडीचा. झावळ्या शाकारताना लाहाई वर चढायचा, खालून बायका गाणी म्हणायच्या, आणि मा जेब्बे उकडलेले कसाव्याचे कंद आणि खारवलेली मासळी वाटत फिरायची. काम चुकवणाऱ्याच्या ताटलीत ती फक्त मासळीचं डोकं टाकायची. पा मोमोंच्या ताटलीत एकदा ते पडलं. “मी म्हातारा आहे हो,” ते म्हणाले. “डोकंच चालवता ना,” ती म्हणाली, “मग डोकंच खा.” म्हातारबुवा इतके हसले की खोकला लागला.

चावडी पुरी झाली आणि थोड्याच दिवसांत निरोप आला. लढाई संपल्याचं सरकारनं जाहीर केलं होतं, आणि सगळे सरदार आपापल्या मुलखात परतणार होते. माडा न्गेवाओ येणार होते. बरोबर जिल्ह्याचा अधिकारी येणार होता. गावानं स्वागताची तयारी करावी.

आंब्याखाली आमची सगळ्यात लांबलेली बैठक झाली. पा मोमो म्हणाले, “आता आपलं काम संपलं. ओट्यावर त्यांची खुर्ची ठेवू, कोला देऊ आणि आपापल्या घरी जाऊ.” कोलाचं फळ हातात दिल्याशिवाय आमच्याकडे कुणाचं स्वागत होत नाही.

लाहाईची गोष्ट गावाला माहीत होती, पण तिचा विषय कुणी काढत नसे. लढाईच्या आधी, तो विशीत असताना, सरकारनं गावासाठी भाताचं बियाणं पाठवलं होतं. ते वाटलंच गेलं नाही. लाहाईनं भर चावडीत उभं राहून विचारलं, बियाणं माडांच्या घरात का आहे? त्याबद्दल माडांनी त्याला दिवसभर उन्हात गुडघ्यांवर बसवलं, डोक्यावर दोन्ही हातांनी दगड धरायला लावला आणि संध्याकाळी गावाबाहेर काढलं. जाताना बरोबर कुणी गेलं नाही. पुढे जंगलातल्यांनी विचारलं, येतोस का, तेव्हा त्याच्याकडे दुसरं कुठलं आमंत्रण नव्हतं.

“लांबड्या, तुला काय वाटतं?” मा जेब्बेनं विचारलं.

“येऊ देत,” तो म्हणाला. “मला फक्त एकदा विचारायचंय.”

मा जेब्बेनं ठरवून टाकलं. कोला द्यायचा, वाजतगाजत आणायचं, पण खुर्ची लगेच ठेवायची नाही. आधी माडा सगळ्यांबरोबर चटईवर बसतील, ज्याला बोलायचंय तो बोलेल, ते ऐकतील. मग खुर्ची. पा मोमो घाबरले. “हे अधिकाऱ्यासमोर कोण सांगणार?”

“बाइंदू,” ती म्हणाली. “घंटा तिच्याकडे आहे.”

माडा आले तेव्हा मला धक्काच बसला. गाडीतून उतरले ते एक वाळलेले म्हातारे गृहस्थ. पूर्वीचा भरदार झगा अंगावर लोंबत होता. राजधानीत ते पुतण्याच्या पडवीत राहत होते, असं मागाहून कळलं. मी पुढे होऊन घंटा वाजवली. ‘माडांचा हुकूम आहे’ हे शब्द ओठांशी आले होते. मी म्हणाले, “चावडी सांगतेय, या माडा, बसा. आधी आमचं ऐका.” आणि चटईकडे हात केला.

अधिकारी तरुण होता, इस्त्रीचे कपडे घातलेला. तो म्हणाला, “हे काय चाललंय? अशी काही तरतूद कायद्यात नाही.”

मा जेब्बेनं अगदी नम्रपणे विचारलं, “साहेब, चटईवर बसायला कायद्यात मनाई आहे का?”

माडांनी एकदा चावडीकडे पाहिलं, खांबांवरून नजर फिरवली, आणि चपला काढून चटईवर बसले. त्यांचे गुडघे लवकर वाकेनात. लाहाईशेजारच्या एकानं त्यांना हात दिला.

दुपार कलेपर्यंत लोक बोलत होते. दंडात शेळी गेली, फुकटची वेठ करावी लागली, बहिणीचं जबरदस्तीनं लग्न लावलं. माडा मान खाली घालून ऐकत होते, मधेच “हो” म्हणत होते. शेवटी लाहाई उठला. त्यानं आवाज चढवला नाही. बियाण्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, दगडाचं सांगितलं. मग म्हणाला, “माडा, तुम्ही तसं का केलंत?”

माडांनी मान वर केली. डोळे बारीक करून त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. अखेर म्हणाले, “मुला, मला तू आठवत नाहीस.”

मी माडांच्या जवळच बसले होते. ते टाळत नव्हते, हे शपथेवर सांगते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

लाहाई तसाच उभा राहिला. “मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल चुकलं,” तो हळूच म्हणाला. “नाहीतर म्हणाल, बरोबर केलं. दोन्हींना माझ्याकडे उत्तर होतं. याला नाही.” आणि तो चावडीतून निघून गेला, खाली नदीकडे. कुणी त्याला अडवलं नाही.

सगळं तिथेच मोडणार, असं मला वाटलं. अधिकारी घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात मा जेब्बे उठली, गुडघ्यांवर हात टेकत.

“माडा, तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण देते. मी त्या दिवशी तिथेच होते. समोर, त्या कोपऱ्यात माझं तेलाचं दुकान होतं. पोराचे हात थरथरत होते. दगड एकदा पडला, तेव्हा तुमच्या माणसानं परत डोक्यावर ठेवला. मी सगळं बघितलं आणि तेल विकत राहिले. पाणीसुद्धा दिलं नाही.”

ती खाली बसली. मग पा मोमो उठले. “मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. मुलांनी विचारलं, तेव्हा खिडकी लावून घेतली.” त्यांच्यामागून वांडी उठला, मग कुंभारीण, मग नदीवरचा म्हातारा नावाडी. मी पाहिलं, मी होतो, मी घरात गेले. कुणी रडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. जो तो उठायचा, आपण कुठे उभे होतो ते सांगायचा आणि बसायचा.

माडांचा चेहरा पालटत गेला. शेवटचा माणूस बसल्यावर ते म्हणाले, “एवढ्यांनी पाहिलं म्हणता, तर झालं असणार. मी पुष्कळांना उन्हात बसवलं. चेहरे राहिले नाहीत. पण बियाणं मला आठवतं. आतल्या खोलीत होतं, भिंतीला लावून. तो पोरगा खरं बोलला होता.”

मा जेब्बेनं माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं नदीची दिशा दाखवली.

लाहाई काठावर पालथ्या घातलेल्या होडीवर बसला होता. मी जवळ जाऊन सांगितलं. त्यानं विचारलं, “त्यांचे शब्द काय होते? तू घातलेले नकोत, त्यांचे.” मी जसेच्या तसे सांगितले. तो पाण्याकडे बघत राहिला.

“माफी मागितली?”

“नाही. मला खोटं सांगता येणार नाही. तेवढंच म्हणाले.”

तो म्हणाला, “बाइंदू, ते दवंडीच्या आवाजात म्हण. मला गावाबाहेर काढलं तेव्हा तुझ्या बापानं दवंडी दिली होती. खोटारडा म्हणाले होते. त्यांचा काय दोष, त्यांचं कामच ते.”

मला ते ठाऊक नव्हतं. त्या वर्षी मी सासरी होते. मी होडीवर चढून उभी राहिले, घंटा वाजवली आणि पोटातून ओरडले. “ऐका हो. बियाणं माडांच्या घरात होतं. लाहाई खरं बोलला होता. माडा स्वतः म्हणाले.” पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. मी चारी दिशांना तोंड करून सांगितलं. लाहाई तोवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मग उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, “चल, खुर्ची ठेवायची असेल ना. ती जड आहे.”

खुर्ची त्यानं आणि वांडीनं उचलली. माडा तिच्यावर बसले ते पुढे चार-पाच वर्षं, मरेपर्यंत. लाहाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा, पण बोलायचा. माडांनी दंड पुन्हा सुरू करायचा एकदा प्रयत्न केला, तेव्हा मा जेब्बे चावडीत येऊन एक झावळ्यांची मोळी त्यांच्या पायाशी ठेवून गेली. विषय तिथेच संपला.

त्यानंतर सरकार खरोखरच आलं, एकेक करून. पोलीस आले, शेळ्या गेल्या. जिल्हा परिषदेची निवडणूक झाली, कित्येक वर्षांनी पहिलीच. लाहाई उभा राहिला. मी घंटा घेऊन त्याच्यासाठी फिरले, घसा बसेपर्यंत. तो हरला. निवडून आला तो राजधानीहून आलेला, पक्षाचे शर्ट वाटणारा माणूस. मा जेब्बेनंही एक शर्ट घेतला. लाहाई रागावला तेव्हा म्हणाली, “शर्ट त्यांचा घेतला, मत तुला दिलं. तुझ्याकडे शर्ट कुठे होता?”

पुढे परिषदेनं सिमेंटचं सभागृह बांधलं, पत्र्याचं, लोखंडी फाटकाचं. वाळवी लागलेली आमची चावडी उतरवून टाकली. खांब ज्याला हवे त्यानं सरपणाला नेले. मीही एक आणला. मा जेब्बे तेव्हा खूप थकली होती, माझ्या चुलीशी येऊन बसायची. जाळ बघत म्हणाली, “भांडणाचं लाकूड छान पेटतं.” त्यावर आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि नंतर पाणी यायचं थांबेना. त्याच वर्षी ती गेली. पा मोमो मात्र पुढे, मेलेल्याला शिवलं तरी लागणाऱ्या त्या मोठ्या रोगाच्या साथीत गेले, जेव्हा कुणाच्या अंत्यविधीला जायला बंदी होती. आम्ही लांब उभे राहून हात वर केले, एवढंच.

मी उगाच जुन्याचे गोडवे गात नाही. आता दवाखाना आहे, नर्स आहे, नातवंडांना टोचून घेता येतं. तेव्हा ताप आला की आम्ही पाला वाटायचो आणि वाट बघायचो. माझी दवंडीही गेली. परिषदेची सूचना आता फोनवर येते. पण फोनवरचा निरोप वाचून कुणी दारात येऊन हसत नाही.

लाहाई आता नदीपलीकडे कोकोची बाग करतो. केस पांढरे झाले, पाठ वाकली, आता त्याला लांबडा म्हणावं असं राहिलं नाही. परिषदेची जाहीर सभा असली की तो होडीनं येतो, माझ्याकडे शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर भात खातो आणि आम्ही दोघं जाऊन मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतो. गेल्या सभेत अंदाजपत्रक वाचणं चाललं होतं. पंख्याखाली त्याला डुलकी लागली. बाजारातल्या गटाराचा विषय आला तशी मी त्याला कोपरानं ढोसलं.

“झालं?” त्यानं डोळे न उघडता विचारलं.

“नाही. गटार आलंय.”

तो खुर्चीची पाठ धरून सावकाश उभा राहिला, घसा खाकरला आणि अध्यक्षांना म्हणाला, “मला एक विचारायचंय.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्याच्यासाठी माइक पाठवून दिला.